कॅथलिक चॅप्लेनांची संघटना टिकेल का, आणि प्रमाणपत्र तिच्याकडूनच घ्यावे का

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण मूळच्या वसईच्या, आता शिकागोजवळ स्थायिक झालेल्या, विवाहित प्रापंचिक, म्हणजे दीक्षा किंवा संन्यस्त व्रत न घेतलेल्या, स्त्री आहात. ईशज्ञानातील (थिऑलॉजीतील) पदव्युत्तर पदवी आपण घेतली आहे आणि एका रुग्णालयात क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनचे, म्हणजे रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करत घ्यायच्या सीपीई या प्रशिक्षणाचे, तिसरे युनिट करत आहात. आपल्या पर्यवेक्षकांचा सल्ला असा की, चॅप्लेन म्हणून, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणून, प्रमाणपत्र घ्यायचे ते असोसिएशन ऑफ प्रोफेशनल चॅप्लेन्स, म्हणजे एपीसी, या सर्वधर्मीय संघटनेकडून घ्यावे. त्यांच्या मते नॅशनल असोसिएशन ऑफ कॅथलिक चॅप्लेन्स, म्हणजे एनएसीसी, ही आता वयस्कर सिस्टरांची आणि निवृत्त फादरांची संघटना उरली असून आज ना उद्या ती कुणात तरी विलीन होईल. हे खरे आहे का, आणि खरे असेल तर तिच्यात शिरण्यात काय अर्थ, असे आपण विचारले आहे. मी स्वतः वसईचीच, प्रापंचिक, आणि अमेरिकेतील कॅथलिक रुग्णालयांत दीर्घकाळ चॅप्लेन म्हणून काम केलेली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

निष्कर्ष आधीच सांगते: प्रमाणपत्र एनएसीसीकडूनच घ्यावे. संघटना भक्कम आहे म्हणून मी असे म्हणत नाही. ती लहान आहे, तिचे उत्पन्न बेताचे आहे, आणि तिच्या संमेलनांत पांढऱ्या केसांची संख्या जास्त असते, हे आपल्या पर्यवेक्षकांचे निरीक्षण चुकीचे नाही. परंतु कॅथलिक चॅप्लेनला एकाच वेळी दोन ठिकाणची मान्यता लागते, एक रुग्णालयाची आणि दुसरी बिशपांची. या दोघांच्या अपेक्षा एकत्र मांडून, त्या पडताळून, दोघांनाही मान्य होईल असा चॅप्लेन पुढे उभा करणारी दुसरी संस्था अमेरिकेत नाही. संघटनेच्या भवितव्याचा विचार सदस्यसंख्येवरून करण्याऐवजी या कामावरून करावा, असे माझे मत आहे.

एनएसीसीची स्थापना 1965 साली झाली, तीही बिशपांच्या राष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली आणि केवळ धर्मगुरूंसाठी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे चर्चमध्ये मोठे बदल घडवणारी जगभरच्या बिशपांची परिषद, संपली. त्या काळी अमेरिकेत सुमारे 59,000 धर्मगुरू आणि 1,80,000 च्या आसपास धर्मभगिनी होत्या. कॅथलिक रुग्णालये सिस्टर चालवत. वॉर्डांत, स्वयंपाकघरात, हिशेबाच्या टेबलावर त्याच असत, आणि संस्कार, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, देण्यासाठी एक फादर नेमलेले असत. रुग्णालयातील नेमणूक म्हणजे धर्मग्रामाचा (पॅरिशचा) भार ज्यांना झेपत नाही अशा फादरांची सोय, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी होती. ही समजूत मोडून रुग्णसेवेसाठी खास प्रशिक्षण घेतलेला धर्मगुरू घडवावा, हा संघटनेमागचा मूळ हेतू होता. प्रॉटेस्टंट मंडळी या बाबतीत कितीतरी पुढे होती: अँटन बॉयसन यांनी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील मनोरुग्णालयात ईशज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकवायला 1925 साली सुरुवात केली होती, आणि आपण आज जे सीपीई करत आहात त्याचे मूळ तिथे आहे. बॉयसन स्वतः अशा रुग्णालयात रुग्ण म्हणून राहून आले होते, हे सीपीईच्या वर्गात आवर्जून सांगितले जाते आणि ते योग्यच आहे.

1970 च्या दशकात संघटनेने आपली दारे धर्मभगिनी, व्रतस्थ बंधू आणि प्रापंचिक यांना उघडली. पुढे ती बिशपांच्या परिषदेपासून वेगळी, स्वतंत्रपणे नोंदलेली संस्था झाली आणि तिचे कार्यालय विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी येथे आले. हा बदल मी तिच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा मानते. धर्मगुरूंची संख्या आज 35,000 च्या घरात आली आहे आणि धर्मभगिनी 40,000 हूनही कमी उरल्या आहेत. 1965 चीच रचना संघटनेने कवटाळून ठेवली असती तर ती केव्हाच आटोपली असती. आज रात्रीच्या पाळीत ज्याचा पेजर वाजतो तो कॅथलिक चॅप्लेन बहुधा आपल्यासारखा प्रापंचिक असतो. म्हणजे जिला आपले पर्यवेक्षक मोडकळीस आलेली संघटना म्हणतात, तिने आपले स्वरूप एकदा मुळापासून बदललेले आहे. असा बदल पुन्हा करण्याची तयारी तिच्यात आहे का, एवढाच खरा वाद आहे.

इथे एका अडचणीच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण आपल्याला तिच्यासोबत आयुष्यभर काम करायचे आहे. चर्चच्या 1983 च्या कायद्यातील 564 व्या कलमाप्रमाणे चॅप्लेन हा धर्मगुरूच असतो. 15 ऑगस्ट 1997 रोजी व्हॅटिकनच्या आठ कार्यालयांनी मिळून काढलेल्या सूचनापत्रात तर दीक्षा न घेतलेल्या व्यक्तीने 'चॅप्लेन' ही उपाधी लावणे अवैध आहे असे स्पष्ट म्हटले आहे. दुसरीकडे अमेरिकेतील रुग्णालयांच्या सेवानियमांत, विम्याच्या कागदपत्रांत आणि छातीवरच्या ओळखपत्रावर चॅप्लेन हे एका व्यवसायाचे नाव आहे, आणि ते धारण करणारी व्यक्ती यहुदी, मुस्लिम, बौद्ध किंवा कोणताही धर्म न मानणारीही असू शकते. कॅथलिक प्रापंचिक चॅप्लेन या दोन व्यवस्थांच्या मधल्या पट्ट्यात उभा असतो. त्या पट्ट्यात त्याला उभे राहता यावे म्हणून बिशपांशी बोलणे, आपल्या पात्रतेचे निकष बिशपांच्या परिषदेच्या संबंधित उपसमितीकडून मंजूर करून घेणे, आणि चर्चच्या सेवेतील प्रापंचिकांबाबत बिशपांनी 2005 साली काढलेल्या दस्तऐवजाशी ते निकष जुळवून ठेवणे हे काम एनएसीसीने केले. ते दिसत नाही, त्याच्या बातम्या होत नाहीत. पण ते नसते तर एखाद्या काटेकोर बिशपाने 1997 च्या सूचनापत्राकडे बोट दाखवून आपल्या धर्मप्रांतातील सगळ्या प्रापंचिक चॅप्लेनांना घरी पाठवायला काहीच हरकत नव्हती.

प्रत्यक्ष कामात ही मर्यादा कशी दिसते ते आपण पाहिलेच असेल. मरणासन्न आजीभोवती जमलेले कुटुंब म्हणते, "फादरना बोलवा." आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतो, 1003 व्या कलमात तसे आहे, आणि 11 फेब्रुवारी 2005 च्या टिपणात व्हॅटिकनने ते पुन्हा बजावले. आपण त्या क्षणी काय करू शकतो? ख्रिस्तशरीर (कम्युनियन) देऊ शकतो, अखेरच्या प्रवासाची शिदोरी म्हणूनही देऊ शकतो. मरणाऱ्यासाठीच्या अधिकृत प्रार्थना चालवू शकतो. अर्भक दगावण्याच्या बेतात असेल तर बाप्तिस्मा देऊ शकतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, फादर अजून चाळीस मैलांवर आहेत आणि कदाचित वेळेत पोहोचणार नाहीत, हे त्या कुटुंबाला अशा रीतीने सांगू शकतो की त्यांच्या मनात देवाने आपल्याला टाकले अशी भावना येऊ नये. सर्वधर्मीय प्रशिक्षणात यांपैकी शेवटची गोष्ट उत्तम शिकवली जाते. आधीच्या गोष्टी शिकवणे तिथे अपेक्षितच नसते, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

कोविडच्या वसंतात हे फार स्पष्टपणे दिसले. मार्च 2020 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका धर्मप्रांताने अशी मुभा दिली होती की फादरांनी खोलीबाहेरून किंवा दुरून प्रार्थना म्हणावी आणि तेल नर्सने लावावे. ती मुभा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. हेतू करुणेचा होता, पण संस्कार तसा होत नाही. त्याच महिन्यात, 20 मार्चला, व्हॅटिकनमधील प्रायश्चित्तविषयक न्यायासनाने सामुदायिक पापक्षमेचा, म्हणजे एकेकाची कबुली न ऐकता अनेकांना एकत्र क्षमा देण्याचा, मार्ग दाखवला, आणि आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून असाधारण चॅप्लेनांचे गट उभारावेत असेही सुचवले. कोणत्या वॉर्डात कोण जाऊ शकतो, दाराशी उभे राहून काय करता येते आणि काय येत नाही, हे प्रश्न एकेका चॅप्लेनने रात्री दोन वाजता एकट्याने सोडवण्यासारखे नसतात. समान व्यवसायातल्या, समान श्रद्धेच्या माणसांचे जाळे अशा वेळी लागते. संघटनेचे महत्त्व मला कोणत्याही संमेलनातल्या भाषणापेक्षा त्या काळात अधिक पटले.

आता प्रमाणपत्राबद्दल. 7 नोव्हेंबर 2004 रोजी मेन राज्यातील पोर्टलंड येथे एपीसी, एनएसीसी, यहुदी चॅप्लेनांची संघटना, सीपीई चालवणारी एसीपीई आणि त्यांच्या सहकारी संस्था यांनी चॅप्लेनांसाठी समान निकष स्वीकारले. पदव्युत्तर शिक्षण, सीपीईची चार युनिटे, आपल्या श्रद्धासमूहाची अधिकृत मान्यता, लेखी निवेदने, समव्यावसायिकांच्या समितीपुढे मुलाखत, समान नीतिसंहिता, दरवर्षी 50 तासांचे पुढील शिक्षण आणि दर पाच वर्षांनी समव्यावसायिकांकडून आढावा, असा तो सर्वसाधारण साचा आहे. त्यामुळे रुग्णालयाच्या भरतीच्या जाहिरातीत या संघटनांची नावे सहसा शेजारीशेजारी छापलेली असतात, आणि नोकरीच्या बाजारात एनएसीसीच्या प्रमाणपत्रामुळे आपली किंमत कमी होत नाही. उलटही खरे आहे: एपीसीकडे गेलात तरी आपल्या धर्मप्रांताच्या मान्यतेशिवाय तिथेही काम होत नाही. बिशपांच्या कार्यालयाचे दार चुकवण्यासाठी कुणी एपीसीचा रस्ता सुचवत असेल तर तो रस्ता पुढे त्याच दाराशी येतो.

फरक पडतो तो मुलाखतीत. एनएसीसीच्या समितीपुढे आपल्याला विचारले जाईल की एखाद्या रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्र काढायचे आहे आणि मुलगी म्हणते की हे पाप आहे, तेव्हा चर्चची नेमकी शिकवण काय आणि ती आपण त्या मुलीपुढे कशी ठेवाल. कॅथलिक आरोग्यसेवेसाठी बिशपांनी घालून दिलेली नैतिक व धार्मिक मार्गदर्शक तत्त्वे आपल्याला पाठ असावीत अशी अपेक्षा नसते. पण ती वापरता यावीत अशी निश्चित असते. अवाजवी भार टाकणारे उपचार नाकारण्याचा रुग्णाचा अधिकार त्या तत्त्वांत पूर्वीपासून आहे, हे मी वॉर्डात कितीतरी कॅथलिक कुटुंबांना प्रथमच ऐकताना पाहिले आहे. फादरांनी मिस्सेत ते कधी सांगितलेले नसते, आणि डॉक्टरांनी सांगितले तर त्यांना वाटते की खाट रिकामी करण्यासाठी बोलत आहेत. चॅप्लेनने सांगितले, आणि त्या चॅप्लेनला बिशपांची मान्यता आहे हे माहीत असले, की ते शब्द वेगळ्या वजनाने पोहोचतात.

बिशपांच्या मान्यतेला दुसरी बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही. ती मान्यता मागे घेतली गेली तर प्रमाणपत्र जाते, आणि प्रमाणपत्र गेले की बऱ्याच ठिकाणी नोकरीही जाते. घटस्फोटानंतर चर्चच्या न्यायालयाकडून विवाह रद्द न होता पुनर्विवाह केलेले, समलिंगी विवाह केलेले, किंवा एखाद्या नव्या बिशपांच्या कारभारात नको त्या विषयावर लिहिलेले चॅप्लेन या भीतीत काम करतात, आणि त्यांच्यातले काही उत्तम लोक संघटना सोडून गेले आहेत. मान्यता देणे हा बिशपांचा अधिकार असल्यामुळे संघटना यात फार काही करू शकत नाही, असे तिचे पदाधिकारी सांगतात. हे अर्धेच खरे आहे, असे मला वाटते. मान्यता कोणत्या कारणाने मागे घेतली ते लेखी मिळावे, संबंधित व्यक्तीला आपली बाजू मांडण्याची संधी मिळावी, आणि पर्यायी नोकरी शोधण्याइतकी मुदत मिळावी, एवढे तरी धर्मप्रांतांशी आधीच ठरवून घेणे शक्य आहे. पुढच्या काळात संघटना टिकवायची असेल तर हे काम माझ्या यादीत वरच्या क्रमांकावर असेल. तरुण प्रापंचिक कर्ज काढून पदव्युत्तर पदवी घेतात आणि अनुभवी नर्सपेक्षा कमी पगारावर येतात, त्यांच्याकडून अशा अनिश्चिततेवर आयुष्य टाकण्याची अपेक्षा करणे बरोबर नाही.

स्पर्धेबद्दल फार लिहीत नाही. 2016 पासून स्पिरिच्युअल केअर असोसिएशनने प्रमाणित परीक्षेवर भर देणारा वेगळा मार्ग उघडला आहे; तो सोयीचा वाटतो, पण कॅथलिक रुग्णालयात काम करायचे असेल तर आधी तिथल्या विभागप्रमुखांना विचारावे. खरी स्पर्धा प्रमाणपत्रांची नाहीच. ती अंदाजपत्रकात आहे. अमेरिकेत 600 हून अधिक कॅथलिक रुग्णालये आहेत आणि दर सात रुग्णांपैकी साधारण एकाची शुश्रूषा त्यांत होते. मात्र सिस्टरांच्या हातून ती मोठमोठ्या आरोग्यसमूहांच्या हाती गेली आहेत. 2019 साली दोन समूह एकत्र येऊन झालेला कॉमनस्पिरिट हे त्याचे ठळक उदाहरण. अशा समूहात आध्यात्मिक सेवेच्या विभागावरचा निर्णय स्थानिक सिस्टर सुपिरिअर घेत नाही, तो दुसऱ्या राज्यातील कार्यालयात तक्त्यावर घेतला जातो, आणि त्या तक्त्यात चॅप्लेनचा रकाना निव्वळ खर्चाचा असतो, कारण रुग्णालयातील चॅप्लेनच्या भेटीचे वेगळे बिल मेडिकेअरकडून, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याकडून, वसूल होत नाही. हॉस्पिसची, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या सेवेची, गोष्ट निराळी आहे. तिथे डॉक्टर, नर्स आणि सामाजिक कार्यकर्त्याबरोबर धार्मिक किंवा अन्य समुपदेशक चमूत असलाच पाहिजे असा मेडिकेअरचा नियम आहे, म्हणूनच अनेक तरुण चॅप्लेनांना पहिली नोकरी हॉस्पिसमध्ये मिळते.

या खर्चाच्या प्रश्नाला पुराव्याने उत्तर देण्याचे काम गेल्या दशकात चांगले सुरू झाले आहे. शिकागोच्या रश विद्यापीठातील जॉर्ज फिचेट आणि त्यांचे सहकारी चॅप्लेनांना संशोधन करायला शिकवतात, आणि वेंडी कॅज यांनी ब्रँडाइस विद्यापीठात असताना 2018 साली सुरू केलेली चॅप्लेन्सी इनोव्हेशन लॅब रुग्णालयाबाहेरच्या चॅप्लेनांचाही अभ्यास करते. एनएसीसीने स्वतःचे वेगळे संशोधन केंद्र काढण्याच्या फंदात पडू नये. तिच्याकडे तेवढे पैसे नाहीत, आणि चॅप्लेनच्या भेटीमुळे कुटुंबांचे समाधान वाढते का, या प्रश्नाचे कॅथलिक उत्तर आणि मेथडिस्ट उत्तर वेगळे असण्याचे कारण नाही.

यावरून विलीनीकरणाच्या प्रश्नाकडे येते. ज्या कामात श्रद्धेचा फरक पडत नाही ते काम सरळ इतर संघटनांबरोबर करावे: सदस्यांच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा, नीतिसंहितेच्या तक्रारी, ऑनलाइन वर्ग, सरकारदरबारी पाठपुरावा, आणि दरवर्षी नाही तरी दोनतीन वर्षांतून एकदा संयुक्त संमेलन. एका लहान संघटनेने हे सर्व स्वतंत्रपणे चालवणे म्हणजे सदस्यांच्या वर्गणीची उधळपट्टी आहे. पण मुलाखत, कॅथलिक ईशज्ञानाचे निकष, आणि बिशपांच्या परिषदेशी असलेला थेट संबंध या तीन गोष्टी दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत. संपूर्ण विलीनीकरण झाले तर एका मोठ्या संघटनेत कॅथलिकांची एक समिती उरेल. तिला पत्रव्यवहाराचा अधिकार असेल, करार करण्याचा नसेल, आणि थोड्याच वर्षांत बिशपांची परिषद तिच्याऐवजी आरोग्यसमूहांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांशीच थेट बोलू लागेल. त्या संभाषणात चॅप्लेन नसेल. माझा विरोध एवढ्याच कारणासाठी आहे. स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र बोधचिन्ह जपण्याचा मोह मला नाही.

आणखी एक विषय असा आहे ज्यात आपल्यासारखीची मदत संघटनेला लागेल. धर्मगुरूंची संख्या घटल्यामुळे अमेरिकेतील धर्मप्रांत भारत, नायजेरिया, फिलिपिन्स येथील फादरांवर अवलंबून आहेत, आणि त्यांतील बऱ्याच जणांना रुग्णालयाची जबाबदारी दिली जाते. केरळचे, तमिळनाडूचे फादर तर आहेतच, गोव्याचे आणि आपल्या बाजूचेही भेटतात. ते संस्कार देतात, मनापासून देतात. पण त्यांच्यापैकी अनेकांनी सीपीई केलेले नसते. आपल्याकडे घरातल्या थोरल्याला आधी विश्वासात घेऊन मग आजाऱ्याशी बोलतात. इथे आजारी माणसाच्या परवानगीशिवाय मुलालाही काही सांगता येत नाही. अशा ठिकाणी चांगला फादरही अडखळतो, आणि त्याच्या उच्चारावरून तक्रार होते तेव्हा मूळ कारण उच्चार नसतेच. शिवाय धार्मिक सेवकांचा आर-1 व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, त्यामुळे चार युनिटे आणि मुलाखत असा पूर्ण रस्ता चालण्याइतका काळ त्यांना मिळेलच असे नाही. अशा फादरांसाठी एका युनिटाचा, रुग्णालयाच्या कामाला जोडलेला, मर्यादित पण संघटनेने अधिकृतपणे मान्य केलेला अभ्यासक्रम सर्वत्र उपलब्ध हवा, असे मी अनेकदा मांडले आहे. पूर्ण प्रमाणपत्राचा दर्जा त्यामुळे खाली येईल, ही भीती मला अनाठायी वाटते. आज त्या फादरांकडे कोणतेच प्रशिक्षण नसते आणि तरीही ते अतिदक्षता विभागात उभे असतातच.

हीच गोष्ट स्पॅनिश बोलणाऱ्या चॅप्लेनांची. अमेरिकेतील कॅथलिकांपैकी सुमारे एक तृतीयांश हिस्पॅनिक आहेत, आणि संघटनेच्या संमेलनात ते प्रमाण दिसत नाही. उद्याचे सदस्य कुठून येणार, या प्रश्नाचे सर्वांत उघड उत्तर तिथे आहे. मुलाखतीची लेखी निवेदने स्पॅनिशमध्ये स्वीकारायला कुणी विरोध का करावा, हे मला आजवर कळलेले नाही.

वसईला परतायचे ठरले तर या प्रमाणपत्राचा उपयोग होईल का, असेही आपण ओझरते विचारले आहे. आपल्याकडे कॅथलिक आरोग्यसंस्थांचे मोठे जाळे आहे. डॉक्टर सिस्टर मेरी ग्लाऊरी यांनी 1943 साली स्थापन केलेली कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया आजही कार्यरत आहे, बंगळुरूला सेंट जॉन्स आहे, वांद्र्याला होली फॅमिली, बंगलीला कार्डिनल ग्रेशस रुग्णालय. परंतु आपल्याकडे रुग्णालयातील धार्मिक सेवा म्हणजे मुख्यतः फादरांची आणि सिस्टरांची जबाबदारी, अशी घडी आहे. पगारी प्रापंचिक चॅप्लेन हे पद आधी निर्माण करावे लागेल. त्यासाठी अमेरिकेतले कागद दाखवण्यापेक्षा तिथल्या उपशामक सेवेच्या (पॅलिएटिव्ह केअरच्या) एखाद्या चमूत बसून काम करून दाखवणे अधिक परिणामकारक ठरेल, कारण तिथे डॉक्टरांनाच अशा माणसाची गरज जाणवते.

शेवटी, आता लगेच करण्याच्या गोष्टी. धर्मप्रांताच्या मान्यतेसाठीची चौकशी चौथे युनिट संपण्याची वाट न पाहता आताच सुरू करा. काही कार्यालये आठवड्याभरात उत्तर देतात, काही ठिकाणी ज्यांच्याकडे हे काम आहे त्यांनाच ते आपले आहे हे माहीत नसते. विवाह चर्चमध्ये झाल्याचा दाखला वसईच्या आपल्या धर्मग्रामातून मागवून ठेवा, तो ऐनवेळी मिळत नाही. आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमात संस्कार, नीतिशास्त्र आणि चर्चविषयक शिकवण हे विषय किती श्रेयांकांचे होते ते तपासा. कमी पडत असतील तर एखादा विषय संध्याकाळच्या वर्गात पूर्ण करता येतो. तिसऱ्या युनिटाच्या अंतिम मूल्यमापनात पर्यवेक्षकांनी आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते निवेदने लिहिण्यापूर्वी पुन्हा वाचा, कारण समिती तेच कागद हातात घेऊन बसलेली असते आणि पहिला प्रश्न बहुधा त्यातील सर्वांत टोचणाऱ्या वाक्यावर येतो. आणि पर्यवेक्षकांना दुखवू नका. ते एपीसीचे असले तरी एनएसीसीच्या अर्जाला त्यांचे शिफारसपत्र चालते.